नांदायला जाणार नाही!

शहापूरच्या कॉलेजात आठ मार्चला ‘इतिहासातील प्रेरक स्त्रिया’ या विषयावर वक्तृत्व स्पर्धा व्हायची. दरवर्षी पाच मुली एकाच स्त्रीवर बोलायच्या आणि परीक्षक पाच वेळा प्रेरित व्हायचे. १९९८ साली सरांनी चिठ्ठ्या टाकल्या. एस.वाय.च्या रश्मीला आल्या डॉक्टर रखमाबाई.

वाचता वाचता रश्मी पेटलीच. लहानपणी लग्न लागलेली मुलगी. नवरा कोर्टात जातो. कोर्ट म्हणतं, नांदायला जा, नाहीतर तुरुंगात जा. आणि ही शंभर वर्षांपूर्वीची बाई म्हणते, तुरुंग चालेल!

“आवाज शेवटच्या बाकापर्यंत गेला पाहिजे,” सर म्हणाले होते. म्हणून रश्मी सापगावात घरामागे म्हशीसमोर सराव करी. शेवटच्या बाकापेक्षा म्हैस लक्ष देऊन ऐकायची.

अडचण एकच होती. वडिलांनी, बुधाजींनी, वैशाखरे गावचं स्थळ आणलं होतं. जमलं तर मे महिन्यात लग्न आणि दुसऱ्या वर्षातच कॉलेज बंद. रश्मीला ते नको होतं, पण हे ती म्हशीजवळही बोलली नव्हती.

रविवारी पाहुणे दुपारी यायचे होते. एस.टी. चक्क लगेच मिळाल्यामुळे ते सकाळीच आले. अंगणात जयभीम झाला, पाहुणे बाकावर टेकले, तोच परसातून आरोळी आली,

“मी नांदायला जाणार नाही! हवं तर तुरुंगात जाईन!”

आईच्या हातातला पाण्याचा तांब्या सांडला. नवरामुलगा धम्मपाल बाकाच्या टोकाला सरकला. त्याची आत्या हिराबाई उठली ती थेट परसात.

“काय गो पोरी, आमी अजून च्या बी घेतला नाय, आन् तू तुरुंगापर्यंत गेलीस?”

बुधाजी धावत आले. “भाषण हाय ते, आत्याबाई! कॉलेजातलं! सांग ना गो, भाषण हाय म्हून!”

नुसतं ‘हो’ म्हटलं असतं तरी भागलं असतं. रश्मीने त्यासाठीच तोंड उघडलं.

“भाषणच हाय,” ती म्हणाली. “पण मला बी आत्ता लगीन नाय करायचं. मला बी.ए. करायचंय.”

हे वाक्य तिने पाठ केलेलं नव्हतं, तरी शेजारच्या तीन घरांपर्यंत स्वच्छ गेलं. बुधाजी दगडावर बसले. हिराबाई मात्र पुढे सरकली.

“मंग ती बाई गेली का तुरुंगात?”

“नाय. तडजोड झाली. विलायतेत शिकून डॉक्टर होऊन आली.”

“आन् नवरा?”

“त्यानं दुसरं लगीन केलं.”

“बघा!” हिराबाई बुधाजींकडे वळली. “त्याला मिळाली, तर आमच्या धम्मपाललाबी मिळंल. तुमी कशाला घाम पुसता? शिकू द्या तिला.”

बुधाजींनी घाम पुसायचा थांबवला. “बरं, होऊ दे बी.ए.,” ते म्हणाले. एवढ्या साक्षीदारांसमोर दुसरं म्हणणार तरी काय?

चहा परसातच आला. हिराबाईने पदर खोचून म्हशीशेजारी बैठक मारली आणि भाच्याला लांब विहिरीकडे पिटाळलं.

“तिथं उभा रा रे, आवाज येतो का सांग. हां पोरी, पहिल्यापासून होऊ दे!”

रश्मीने दम घेतला.

“येतो, येतो!” ती काही बोलायच्या आतच विहिरीकडून धम्मपाल ओरडला.