बोलायचा परवाना

“एकट्या बाईला रेडिओवर कुणाशी बोलायचं असतंय, हवालदार? तुमीच सांगा.”

नाथाजी पडवीत मुद्दाम मोठ्यानं बोलत होते. मधल्या भिंतीच्या अलीकडे विजयमालाबाई गहू निवडत होत्या. त्यांचा हात सुपावर थांबला. शिराळ्याच्या ठाण्यातून शिवतेज हवालदार आले होते, ते बाईंच्याच चौकशीसाठी. बाईंनी हौशी रेडिओच्या, म्हणजे घरून बिनतारी यंत्रावर लांबच्या माणसांशी बोलायच्या, परवान्याचा अर्ज केला होता आणि त्यावर पोलिसांचा अहवाल हवा होता. पण रस्त्यावरून येताना धाकट्या दिराचं घर आधी लागे. नाथाजींनी हवालदारांना तिथंच बसवून घेतलं, चहा सांगितला आणि सुरुवात केली.

“मी फौजेत होतो. सिग्नल काय चीज हाय ते मला शिकवू नका. हितं सांगलीहून मानसं येत्यात, वायरी घेऊन. परवा तर एकजण पार कौलावर चढला हुता. आमच्या पोरीला बघायला पावनं यायचं हाय, त्यांनी बघितलं असतं म्हंजे?”

कौलावर चढला होता तो जयराज. सांगलीत त्याचं इन्व्हर्टरचं दुकान होतं आणि रविवारी दुकानाच्या माडीवर तो या परवान्याच्या परीक्षेची तयारी करून घेई. घरामागं खांब रोवून रेडिओच्या अँटेनाची तार कुठून कुठं ताणता येईल ते पाहायला आला होता. हे सगळं हवालदारांना दोन वाक्यांत सांगता आलं असतं. उंबरा ओलांडला की पलीकडे पडवीच.

विजयमालाबाई उठल्या नाहीत. कोयनेच्या वसाहतीतल्या टेलिफोन एक्स्चेंजमध्ये त्यांची सगळी नोकरी गेली होती. लाइन जोडून दिली की आपण बाजूला व्हायचं, कानावर काही पडलं तरी ते आपलं नाही, हे त्यांना पहिल्याच दिवशी सांगितलेलं. कुणाचं मयत, कुणाची पळून गेलेली मुलगी, ठेकेदारानं साहेबाला दिलेल्या शिव्या, सगळं त्यांच्या कानांवरून गेलं होतं, आणि त्यातलं एक अक्षर त्यांनी नवऱ्यालाही सांगितलं नव्हतं. भिंतीपलीकडे दोन माणसं बोलत होती. त्यांनी पुन्हा खडे वेचायला घेतले.

हवालदार नंतर त्यांच्याकडे आले तेव्हा चहा पिऊन, सगळं ऐकून आले होते. नाव, वय, काम काय असं विचारलं. बाईंनी विचारलं तेवढंच सांगितलं. निघताना हवालदार क्षणभर दारात रेंगाळले, त्यांच्याकडे पाहिलं आणि चपला घालून गेले.

रात्री जयराजचा फोन आला. ऐकून तो हबकलाच. “मावशी, अहवाल वाईट गेला तर अर्ज अडकला म्हणून समजा. एवढी मुंबईला जाऊन परीक्षा दिली, पास झाला. आणि तुमी तितंच का बोलला न्हाई?”

“दोघांचं बोलणं चाललं होतं. मध्ये कशी तोंड घालू?”

“आवं, पण ते तुमच्याबद्दल चाललं हुतं.”



दुसऱ्या दिवशी त्या एसटीनं ठाण्यात गेल्या. हवालदार वाईट माणूस नव्हते. अहवाल अजून टेबलावरच असल्याचं त्यांनी सांगितलं. पण शेजाऱ्याचा जबाब ते खोडू शकत नव्हते. “दीरच तुमचे. त्यांनीच येऊन सांगावं, की रागाच्या भरात बोललो म्हणून. तुमच्या भावकीत मी कुठं पडू?”

अर्जुना गेल्यापासून, म्हणजे बाईंचे पती गेल्यापासून, नाथाजी वहिनीशी सरळ बोलत नसत. जे सांगायचं ते परसात उभं राहून म्हशीला सांगत. त्या संध्याकाळी बाई स्वतः परसात गेल्या. नाथाजी धार काढत होते.

“भावजी, ठाण्यात चला. जे खरं आहे ते सांगा.”

“बघ गं,” नाथाजी म्हशीला म्हणाले, “आता आमी खोटं झालो. खांब रोवायचा, त्याला तार बांधायची, आन चार वर्सांनी म्हनायचं जागा आमची वहिवाटीची. आमाला कळत न्हाई व्हय?”

बाईंना आता उलगडा झाला. रेडिओ, सांगलीची माणसं, पाहुणे, या सगळ्याच्या मुळाशी दोन्ही घरांच्या मागचा हा जमिनीचा पट्टा होता. वाटणीत तो अर्जुनाकडे आला हे नाथाजींनी कधी मानलंच नव्हतं, तेव्हापासून त्यांना तो सलत होता. आता त्यात खांब उभा राहणार होता. भावकीत खांब म्हणजे ताबा. खांब कशाचा ते कुणी विचारत नाही.

“खांब तारेसाठी आहे हो,” त्या म्हणाल्या. “मला जागा काय करायची?”

नाथाजींनी चरवी खाली ठेवली. इतक्या वर्षांत पहिल्यांदा ते वहिनीकडे तोंड करून बोलले.

“नको तर लिवून द्या की मग. त्याच दिशी ठान्यात जाऊन जबाब बदलतो.”

जयराज म्हणाला, मावशी, असलं काही करू नका, तक्रार करू, वर जाऊ. वर कुठं ते त्यालाही सांगता येईना. दिवस चालले होते आणि हवालदार अहवाल फार काळ दाबून ठेवणार नव्हते. बाईंना मूलबाळ नव्हतं. आज ना उद्या पट्टा पलीकडेच जाणार होता. तरी अर्जुनानं तिथं हातानं आळं करून लावलेला शेवगा होता, आणि हक्कसोड करायला जाताना त्यांनी त्याच्याकडे पाहिलं नाही.

निबंधक कार्यालयातल्या बाईंनी रिवाजाप्रमाणे विचारलं, कुणाच्या दबावाखाली सही करत नाही ना? नाथाजी शेजारच्या खुर्चीत मिशीवरून हात फिरवत बसले होते.

“दबाव कसला,” विजयमालाबाई म्हणाल्या. “देवाणघेवाण आहे. मला बोलायचा परवाना पाहिजे, त्यांना जागा.”

नाथाजींचा हात मिशीवरच राहिला. पण त्यांनी शब्द पाळला. तिथूनच ठाण्यात गेले आणि जबाब बदलून आले. दुसऱ्या दिवशी शेवगा तोडला. त्यापुढे त्या पट्ट्यात त्यांनी काहीच केलं नाही. कुंपणाला काटेरी तार मात्र ओढली.

परवाना पावसाळा सरताना आला. खांबाला जागा नव्हती, म्हणून जयराजनं माजघरातच आढ्याखालून, वाशांना धरून, तार वळवत वळवत नेली. बाहेर असती तशी चालणार नाही, असं त्यानं आधीच सांगून ठेवलं.

पहिल्या दिवशी नुसतीच खरखर. दुसऱ्या दिवशीही तेच. तिसऱ्या दिवशी सकाळी बाईंच्या हाकेला उत्तर आलं. माणमधले, दहिवडीजवळचे कोंडीबा नावाचे गृहस्थ होते. पोस्टातून निवृत्त झालेले. नावगाव झालं, पाऊस झाला का ते विचारून झालं. त्यांच्याकडे झालाच नव्हता.

“ताई, आवाज लय बारीक येतोय तुमचा,” कोंडीबा म्हणाले. “कुठं ताणलीय तार?”

“घरात.”

“घरात? आमच्याकडं बगा, माळच माळ, पायजे तेवढी ताणा. तुमच्या घरामागं मोकळी जागा न्हाई व्हय?”

बाईंनी बोलायचं बटण दाबलं. समोर खिडकी होती. काटेरी तारेपलीकडे पावसानं गवत कमरेएवढं वाढलं होतं. त्यात कुणाच्या पायाची वाट नव्हती.

“हाय की,” त्या म्हणाल्या. “पण ती आमची न्हाई.”