मला उसने देऊ नका

लास्मिनीला पैसे उडवण्याचा नाद नव्हता. नाद होता तो कर्ज मागण्याचा. इंडोनेशियातल्या सेमारांगच्या बंदराजवळच्या एका गल्लीत ती पंधरा वर्षं बालवाडी शिकवत होती, नवरा सुग्यो बंदरावर क्रेन चालवायचा. दोघांचं व्यवस्थित भागत होतं. पण फोनवरच्या कर्जाच्या ॲपमध्ये नाव-गाव भरायचं, दोन मिनिटं जीव टांगणीला लावायचा आणि 'मंजूर' ही अक्षरं उमटताना बघायची, यात तिला जे सुख मिळे ते दुसऱ्या कशातच मिळत नसे. कुणीतरी आपल्यावर विश्वास टाकला! मग त्या पैशातून नणंदेला उंची बाटिकचं कापड, शेजारणीच्या पोराच्या सुंतेला जाडजूड पाकीट, शाळेतल्या बायकांना जेवण. पहिलं फेडायला दुसरं कर्ज, दुसरं फेडायला तिसरं. अशी अकरा ॲपं झाली, तेव्हा वसुलीवाल्यानं थेट सुग्योला फोन लावला.

सुग्योनं वहीत अकराही कर्जांची बेरीज मांडली. मग म्हणाला, "फेडू आपण. पण तू पुन्हा काढणार नाहीस कशावरून?"

याआधी दोनदा लास्मिनीच्या भावानं सगळं फेडून दिलं होतं आणि दोन्ही वेळा महिना उलटायच्या आत तिनं नवं कर्ज काढलं होतं.

आरोग्य केंद्रातली नर्स युनार हिनं तिला एक पत्ता दिला. सगळे ज्याला को, म्हणजे दादा, म्हणत त्या लियेम नावाच्या चिनी म्हाताऱ्याचं शिलाई मशीन दुरुस्तीचं दुकान होतं. त्याच्या मागच्या खोलीत दर रविवारी दुपारी सात-आठ कर्जबाजारी माणसं जमत. लास्मिनी पहिल्यांदा गेली त्या दिवशी भरतीचं पाणी गल्लीत शिरलं होतं आणि सगळी मंडळी पाय स्टुलावर घेऊन बसली होती.

"किती कर्ज आहे ते आम्ही विचारत नाही," को लियेम म्हणाला. "शेवटचं कधी काढलंस तेवढं सांग."

"परवा."

"मी सात वर्षांपूर्वी. दोन बेकऱ्या घालवल्यावर अक्कल आली. युनारला पाच महिने झाले. आणि त्या दाढीवाल्यानं आज सकाळीच काढलंय. तरी आलाय बघ, बेशरम!"

दाढीवाल्यानं हात वर केला. सगळे हसले, तोही हसला. लास्मिनीच्या तळपायाची आग मस्तकात गेली. इथे आपला संसार बुडतोय आणि यांना हसू सुचतंय! पण त्या तासाभरात कुणी तिला एकही उपदेश केला नाही. पुढच्या रविवारी ती पुन्हा गेली.

तिथले नियम साधे होते. आजचा दिवस नवं कर्ज नाही. हात शिवशिवले की आधी आपल्यापैकी कुणाला तरी फोन. आणि एकमेकांना पैसे द्यायचे नाहीत, अगदी चहापुरतेही नाहीत.

तिसऱ्या आठवड्यात ती बाजारात मिरच्या घेत असताना फोन वाजला. 'अकरा कर्जं एकाच कर्जात मिटवा. पाच मिनिटांत मंजुरी.' तिनं को लियेमला फोन लावला.

"बोट कुठंय तुझं?"

"बटणावर."

"काढ तिथून. समोर काय आहे?"

"मिरच्या."

"मग निवड. किडकी निघाली की मला सांग. मी आहे फोनवर."

वीस मिनिटं ती मिरच्या निवडत राहिली आणि किडकी मिरची निघाली की फोनमध्ये ओरडत राहिली. "बाई, तुम्हाला बरं वाटत नाही का?" मिरचीवालीनं विचारलं. लास्मिनीला रडू आणि हसू एकदमच फुटलं.

दोन महिन्यांनी वसुलीवाल्याचा निरोप आला. उद्या दुपारपर्यंत पैसे आले नाहीत, तर 'चोरटी' असं लिहून तिचा फोटो तिच्या ओळखीच्या प्रत्येकाला जाणार होता. हप्ते ती भरत होती, पण त्याला सगळे एकदम हवे होते. तो रविवार होता. तिनं निरोप खोलीत वाचून दाखवला.

"पाठवू दे," युनार म्हणाली. "चार दिवस बोलतील लोक."

"त्यानं कशाला सांगायचं? मीच सांगते सगळ्यांना."

को लियेम चमकला. "नोकरीवर गदा येईल पोरी. नीट विचार कर."

"विचार करकरूनच अकरा कर्जं झाली, को. माझ्या भीतीवर त्याचं पोट चालतंय. मी नाही त्याला पोसणार."

तिथे बसूनच तिनं लिहिलं: 'मी लास्मिनी. माझ्यावर अकरा कर्जं आहेत. मला कर्ज काढायचं व्यसन आहे. मी फेडतेय, आणि सगळं फेडणार आहे. उद्या माझा फोटो येईल, तो बघा खुशाल. एकच विनंती, मी कितीही रडले तरी मला उसने देऊ नका.' आणि फोनमधल्या तीनशे बारा जणांना तो निरोप गेला.

दुसऱ्या दिवशी फोटो आला. मुख्याध्यापिकेनं तिच्याकडून फीचं काम काढून घेतलं, वर्ग मात्र ठेवला. भिशीतल्या बायकांनी तिचं नाव कापलं. एका विद्यार्थ्याचे वडील भर रस्त्यात तिला बघून थुंकले. ती पदपथ न बदलता त्यांच्या समोरून पुढे गेली. घरी जाऊन मात्र उशीत तोंड खुपसून रडली. सुग्यो शेजारी बसून राहिला.

मग हार्तीच्या, म्हणजे तिच्या थोरल्या नणंदेच्या, मुलीचं लग्न आलं. मंडपाच्या तोंडाशीच हार्तीनं तिला बाजूला ओढलं.

"घराण्याची अब्रू चव्हाट्यावर मांडलीस ती मांडलीस. आज आहेराचं पाकीट तरी शोभेलसं टाक. हे घे माझ्याकडून, सावकाश दे. कुणाला कळायचं नाही."

नोटांची घडी तळहातावर टेकली आणि लास्मिनीला 'मंजूर' ही अक्षरं पुन्हा उमटताना दिसली. कुणीतरी देतंय. न मागता देतंय. तिनं मूठ मिटली नाही.

"मला कळेल ना," ती म्हणाली. "ठेवा ताई. द्यायचंच असेल तर मोठं पातेलं द्या. वाढायला माणसं कमी दिसतायत तुमच्याकडे."

"माझ्याच लग्नात मला शिकवतेस?"

"तुमचं नाही, पोरीचं आहे."

तिनं पातळसं पाकीट काढलं, त्यावर स्वतःचं नाव ठसठशीत लिहिलं, सगळ्यांदेखत पेटीत टाकलं आणि बाह्या सारून स्वयंपाकाच्या मांडवाकडे निघाली. मागून सुग्योनं विचारलं, "मी पण येऊ?"

"भात ढवळता येतो?"

"क्रेन चालवतो मी."

"मग चल," लास्मिनी म्हणाली.