पडायची नोकरी

मित्रांनो, पडलं की ओरडा बसतो ना? कप पडला, ओरडा. सायकलवरून पडलात, आधी ओरडा, मग औषध. पण मी एक वाकडातिकडा दगड आहे आणि पडलो म्हणून माझं कौतुक झालंय. शप्पथ. ऐका तर खरं.

खाणीतून निघालो तेव्हा गवंडीकाका आम्हाला एकेकाला फिरवून बघत होते. चौकोनी, गुळगुळीत होते ते गेले बंधाऱ्यात. बंधारा म्हणजे नदीत आडवी बांधलेली ठेंगणी भिंत. पाणी तिच्यामागे अडतं, गावाच्या पंपाला मिळतं आणि उरलेलं वरून खाली उडी मारतं. माझी पाळी आली. काकांनी मला इकडून पाहिलं, तिकडून पाहिलं आणि म्हणाले, "ह्याला तर बूडच नाही." झालं! माझ्यासारख्या सगळ्या नापासांना भिंतीच्या पायथ्याशी वाळूवर नुसतं मांडून ठेवलं. सिमेंटचा एक थेंब नाही.

राग आला मला. वरची मंडळी ऐटीत भिंतीत बसलेली आणि आम्ही खाली, जणू कुणीतरी विसरून गेलेला पसारा. येणारे-जाणारे विचारायचे, "हे उचलायचं राहिलं वाटतं?" मी म्हणायचो, होय हो, राहिलंच. वर्षानुवर्षं हेच. एक खेकडा तेवढा माझ्याखाली राहायला होता, म्हणून करमायचं.

मग एक दिवस इंजिनियर ताई आली. ही काकांची सख्खी पुतणी. तिच्या हातात तांबड्या-पांढऱ्या पट्ट्यांची लांब काठी. आमच्या शेवटच्या रांगेपलीकडे तिनं ती पाण्यात घातली आणि काठी गेली, गेली, गेली, पार तिच्या खांद्यापर्यंत पाण्यात. ताईचा चेहरा उतरला.

"काका, वरून पडणारं पाणी इथं घुमतंय आणि वाळू उकरून नेतंय. हा खड्डा दर पुराला भिंतीकडे सरकतोय. पायाखाली पोचला की भिंत गेली आणि गावाचं पाणीही गेलं."

"मग आता?"

"अजून सुटे दगड टाकायचे. मी खाणीवर जाऊन दोन दिवसांत येते."

ताई गेली आणि काकांचे हात शिवशिवायला लागले. नकाशात होते म्हणून मांडलेले हे सुटे दगड त्यांना कधी बघवतच नव्हते. त्यांनी माणसं लावली, सिमेंट कालवलं आणि आम्हाला एकमेकांना चिकटवून टाकलं. मित्रांनो, काय सांगू, गार गार सिमेंट माझ्या कडेनं बसलं तेव्हा मला वाटलं, झालो बुवा एकदाचा पास.

नवे दगड सांगून तिसऱ्या दिवशी ताई परतली आणि काठावरच थबकली.

"काका, हे काय करून ठेवलंत?"

"घट्ट केलं. चाळीस वर्षांत माझा एक दगड हललेला नाही, विचार कुणालाही."

"म्हणूनच फोडायचंय."

काका माणसांकडे वळले. "ऐकलंत का? हिला सायकल मी शिकवली आणि ही मला दगड शिकवतेय."

"शिकवताना शेवटपर्यंत सीट धरून ठेवली होतीत का?"

"धरून कसं चालेल? सोडावीच लागते."

"मग ह्यांनाही सोडा. खड्डा जवळ आला की सुटे दगड घरंगळून त्याच्या उतारावर बसतात. वाळूवर पांघरूण पडतं आणि खड्डा तिथंच थांबतो. चिकटवलेले नुसते लटकत राहतात. खालची वाळू जाते आणि वरून कुणाला पत्ताही लागत नाही."

काकांनी डोकं खाजवलं. मग त्यांनी पहार उचलली. आणि मी? मी रुसलो. पास झाल्यावर कुणी परत नापास करतं का?

फोडणं चालू असतानाच दुपारी निरोप आला, वर डोंगरात पाऊस धो धो कोसळतोय, नदी चढणार. काका सोडून सगळे काठावर पळाले. काठाकडचा एक तुकडा अजून चिकटलेलाच होता आणि त्याच्या कडेला अर्धवट अडकलेला मी.

"काका, बास झालं, वर या," ताई ओरडली.

"एवढा एकच," काका घोट्याएवढ्या पाण्यातून म्हणाले. पहार बसली, मी सुटलो. "जा रे वाकड्या," म्हणाले आणि धापा टाकत वर गेले.

आणि मग पाणी आलं, मित्रांनो, असं आलं! भिंतीवरून धाडकन उडी आणि खाली गरागरा. खेकडा तर कधीच पसार. माझ्याखालची वाळू सुळसुळ निघाली, गुदगुल्याच झाल्या, मी कललो आणि गेलो. एक कोलांटी, दोन, तीन. उतारावर जाऊन असा फिट्ट बसलो की बस! बूड नव्हतं ना, म्हणूनच बसलो. मागून एकेक नापास येत गेला, आणि आम्ही सगळ्यांनी मिळून वाळू दाबून धरली. वर तो चिकटवलेला तुकडा गॅलरीसारखा लटकला, लटकला आणि मधोमध काड्कन मोडला. पण भिंत उभी होती.

पाणी ओसरल्यावर ताई काठी घेऊन आली. काठी खाली आली आणि माझ्या डोक्यावर, ठक.

"वाळू लागली?" काकांनी घाबरत विचारलं.

"तुम्हीच बघा की."

काकांनी काठी घेतली. ठक. थोडं पुढं, ठक. अजून पुढं, ठक. मग त्यांनी मोडलेल्या तुकड्याकडे पाहिलं आणि हळूच म्हणाले, "चाळीस वर्षांत पहिल्यांदा माझे दगड हलले."

"आणि?"

"आणि भिंत नाही हलली," काका म्हणाले आणि दोघं इतकं हसले, की काठी हातातून सुटून वाहत निघाली. मग काका तिच्यामागे धावले.

मित्रांनो, आता मी वरून दिसत नाही, पण कामावर असतो. बंधाऱ्याखाली सुटे दगड दिसले तर पसारा म्हणून उचलू नका, बसायला घरी नेऊ नका आणि कृपा करून नीटनेटकं करायला जाऊ नका. दर पुरानंतर एक लांब काठी घेऊन आमच्याकडे या. वरून हळूच विचारा.

मी आतून सांगेन, ठक.