पंचायतीच्या भिंतीपर्यंत आलेली तार

मी एक काचेची तार बोलतेय. काच म्हटली की तुम्हाला बांगडी आठवेल, नाहीतर खिडकी. मी त्या दोन्हींसारखी नाही. डोक्याचा एक केस घ्या, साधारण तेवढी माझी जाडी. माझ्यासारख्या चोवीस जणी एका काळ्या नळीत अंगाला अंग लावून निजलेल्या असतात आणि आम्हा सगळ्यांना मिळून लोक केबल म्हणतात. आमच्यातून वीज जात नाही, उजेड जातो. माणसाचं बोलणं, लिहिणं, फोटो, सगळं त्या उजेडावर बसून पलीकडे पोचतं.

माझा जन्म सिल्वासाजवळच्या एका कारखान्यात झाला. काच वितळवून तिचा धागा ओढला, त्यावर रंग चढवला, नळीत घातला आणि माणसाच्या उंचीच्या लाकडी रिळावर मला गुंडाळलं. त्याच दिवशी ओढलेली दुसरी एक तार माझ्या शेजारच्या रिळावर होती. तिला एका खाजगी कंपनीने डहाणूसाठी नेलं. मला सरकारी कामाच्या ठेकेदाराने तलासरी तालुक्यातल्या खैरपाड्यासाठी नेलं. साल दोन हजार पंधरा. आम्ही दोघी एकाच काचेच्या, एकाच जाडीच्या. फरक पुढे पडला.

तलासरीत ट्रकमधून उतरले तेव्हा मला वाटलं, या तालुक्याला उजेडाची काय कमी? हायवेच्या कडेने माझ्याच जातीच्या जाडजूड केबली कधीपासून पुरलेल्या होत्या. मुंबईचं बोलणं सुरतेला आणि सुरतेचं मुंबईला त्यांच्यातूनच जायचं. पण त्या इथे कुठे थांबत नव्हत्या. न थांबणारी गाडी स्टेशनातून धडधडत निघून जावी, तसा तो उजेड इथल्या माणसांच्या पायाखालून जात होता.

मला पुरायला खड्डे खणणाऱ्यांत जमना होती. खैरपाड्याची, पन्नाशीची बाई. पुरुषभर खोल खणायचं असं ठरलेलं होतं. पहिले काही दिवस तसं खणलंही. पुढे काळा खडक लागला. ठेकेदाराच्या माणसाने घड्याळ पाहिलं आणि हातभर खोलीवरच मला आडवी टाकायला सांगितलं. जमनाने विचारलं, वरून बैलगाडी गेली तर? तो म्हणाला, तार बैलगाडीला भीत नाही.

जमनाची सून संगीता पंचायतीच्या ऑफिसात कॉम्प्युटरवर बसायची. बारावी झालेली, हसायला जराशी कंजूष, पण कामाला वाघ. दाखले, अर्ज, नोंदी, सगळं तिच्याकडे. नेट नसल्यामुळे ती लॅपटॉप पिशवीत घालून टेकडीवर चढायची, कारण मोबाइलची रेंज फक्त तिथे यायची. रेशन दुकानदारसुद्धा अंगठ्याचं मशीन घेऊन तिथेच जायचा आणि त्याच्या मागे म्हाताऱ्याकोताऱ्यांची रांग टेकडी चढायची.

म्हणून मी ऑफिसच्या भिंतीशी पोचले, माझ्या टोकाला पांढरी पेटी बसवली आणि तिच्यावर हिरवा दिवा लागला, त्या दिवशी संगीता चक्क हसली. नारळ फुटला, पेटीला झेंडूचा हार घातला, भाषणं झाली. मी पहिल्यांदा भरून वाहत होते. तो दिवस मी कधी विसरणार नाही.

ते सुख आठवडाही टिकलं नाही. तलासरीकडच्या मोरीपाशी रस्ता रुंद करणाऱ्या जेसीबीने मला उचकटलं. मी हातभरच खोल होते, तिला दिसणार कुठून? एका ओढीत चोवीसच्या चोवीस जणी तुटलो.

मग सुरू झालं ते सगळ्यांना माहीत असलेलं. रस्त्याची माणसं म्हणाली, तार वर का पुरली? तारेची माणसं म्हणाली, खणण्याआधी सांगितलं का नाही? ठेकेदाराचं काम संपलं होतं, तो दुसऱ्या जिल्ह्यात गेला. मी अंधारात पडून राहिले. पेटीवरचा हार वाळला, मागे पाल राहायला आली. कागदोपत्री मात्र खैरपाड्याला इंटरनेट पोचलेलं होतं. संगीता रोज सकाळी पेटी फडक्याने पुसायची आणि पिशवी घेऊन टेकडीवर जायची.

एकदा ती डहाणूला गेली. परत आल्यावर ऑफिसच्या ओट्यावर बसून तिने सासूला सगळं सांगितलं, ते मी भिंतीतून ऐकलं. स्टेशनजवळ यतीन नावाच्या माणसाचं ऑफिस होतं, खाजगी कंपनीच्या लाइनी देणारं. माझी ती जोडीची तार तिथेच नांदत होती. दवाखाने, बँका, चिकूचे व्यापारी, वरच्या मजल्यांवरची बिऱ्हाडं, सगळी तिला लगडलेली. संगीताने त्याला सरळ विचारलं, डहाणूला लाइन आहे, मग आम्हाला का नाही?

यतीनने तिला बसायला खुर्ची दिली, टाळलं नाही. म्हणाला, “ताई, इथे एक गल्ली तार ओढली की दोन्ही बाजूंना दुकानं आणि बिल्डिंगी. तुमच्याकडे तेवढ्याच तारेत पाच-सात घरं भेटतात, तीही शेताच्या पलीकडे. मध्ये जंगल लागलं की वनखात्याची परवानगी, रस्ता लागला की त्यांची. आणि तार टाकायची एकदाच असते, सांभाळायची रोज. तुटली तर तिकडे माणूस कुठून पाठवू?”

“पण तार आहे आमच्याकडे,” संगीता म्हणाली. “तुटून पडलीय.”

“मग ती आमची नाही. ज्यांची आहे त्यांनीच जोडायला हवी.”

जमनाने सगळं ऐकून घेतलं आणि एवढंच म्हणाली, “म्हणजे आपण लांब लांब राहतो, हा आपला गुन्हा.”

मला यतीनचा राग आला नाही. तो खरं तेच बोलला होता. पण त्याच्या खऱ्यात जमनाला जागा नव्हती, हेही तितकंच खरं.

दोन हजार अठराची दिवाळी नुकतीच झाली होती. जमीन हलायला लागली.

मी जमिनीतच राहते, त्यामुळे मला ते आधी कळलं. आधी खालून घरघर, मग धक्का. भांडी पडली, कुडाच्या भिंतींना भेगा गेल्या. पहिल्या धक्क्याला लोक घाबरले, पाचव्याला थकले. घरं असून माणसं शेतात ताडपत्रीखाली राहू लागली. शाळा चिंचेखाली भरायला लागली. धक्का बसला की तालुक्यातला प्रत्येक जण एकदम फोन लावायचा, आणि टेकडीवरची होती नव्हती ती रेंजही मरून जायची.

अशाच एका दुपारी कुणाच्या तरी मोबाइलवर निरोप आला, की वरच्या धरणाला तडा गेलाय, पाणी सुटणार. कोणी पाठवला, कधीचा, काही पत्ता नाही. संगीता तहसील ऑफिसला फोन लावत राहिली, लागला नाही. तेवढ्यात पाडा पळत सुटला. पोरं कडेवर, कोंबड्या काखेत, सगळे टेकडीकडे. जमनाची शेजारीण बायजी, साठी उलटलेली बाई, त्या गर्दीत दगडावरून घसरून पडली. तिचं कंबरेचं हाड मोडलं.

तलासरीहून एक जण मोटरसायकलवर आला तेव्हा कळलं की धरण जसंच्या तसं आहे. तोवर बायजीला झोळीत घालून खाली आणलं होतं. ती रडत नव्हती. “पाणी आलंच नाही का?” एवढंच विचारत होती. संगीता ऑफिसात येऊन पेटीसमोर उभी राहिली. दुसऱ्या दिवशी सकाळी तिने पेटी पुसली नाही.

पुढच्याच महिन्यात धक्के मोजणारी यंत्रं घेऊन शास्त्रज्ञांची गाडी आली. त्यांच्यात रुचिता नावाची मुलगी होती. यंत्राला पक्की जागा हवी होती आणि नोंद लगेच पुढे पाठवायला लाइन. तिने पेटी पाहिली आणि विचारलं, ही चालू आहे का? संगीता म्हणाली, “तार आहे मॅडम, तिच्यात जीव नाही.”

रुचिताने वर फोन केले. तीन वर्षं ज्या मोरीकडे कोणी फिरकलं नाही, तिथे आठवड्यात माणसं आली. तलासरीच्या टोकाकडून माझ्यात उजेड सोडला. तो तुटलेल्या जागेवर आपटून माघारी आला, त्यावरून मी कुठे तुटलेय ते त्यांना कळलं. मग एकेक करून आम्हा चोवीस जणींची टोकं साफ केली, समोरासमोर धरली आणि इवल्याशा ठिणगीत वितळवून एक केली. या वेळी मला खोल पुरलं.

हिरवा दिवा लागला. पेटीला वायरी खोचायला चार दारं असतात. जोडणाऱ्या माणसाने यंत्राची वायर पहिल्या दारात खोचली आणि अवजारं आवरायला घेतली. संगीताने तिच्या कॉम्प्युटरची वायर पुढे केली. तो म्हणाला, मला यंत्रापुरतंच सांगितलंय.

संगीताचा आवाज चढला नाही. “जमीन हलली की ते मुंबईला, दिल्लीला कळणार. त्या जमिनीवर निजणाऱ्यांना कळायला नको?”

तो माणूस रुचिताकडे बघायला लागला. रुचिताने संगीताच्या हातातली वायर घेतली आणि स्वतः दुसऱ्या दारात बसवली. “वर काय सांगायचं ते मी सांगते,” ती म्हणाली.

चार दिवसांनी दुपारी पुन्हा जमीन हलली. लोक धावत पंचायतीसमोर आले. संगीता दारात उभी राहून मोठ्याने सांगत होती. धक्का लहान होता. तहसील ऑफिसशी नेटवरून आत्ताच बोलणं झालं, धरण ठीक आहे.

“पुढचा कधी?” जमनाने विचारलं.

“ते कुणालाच सांगता येत नाही, आई. जे कळतं तेवढंच सांगते.”

माणसं थोडा वेळ घुटमळली. मग जमना आधी वळली, तिच्यामागे बाकीची. त्या दिवशी टेकडीकडे कोणी पळालं नाही. चोवीस जणींत मिळून एवढंच काम आम्ही केलं, पण माझ्या जन्माचं सार्थक मला त्यातच वाटतं.

आता दोन हजार एकोणीसचा पावसाळा सरलाय. धक्के कमी झालेत, थांबलेले नाहीत. वीज गेली की पेटी मिटते, मी तासन्‌तास आंधळी होते. रस्त्याचं काम परत सुरू झालंय. पण या खेपेला जेसीबी मोरीपाशी आली तेव्हा जमना आणि चार बाया तिच्यापुढे जाऊन उभ्या राहिल्या, आणि ड्रायव्हरला तेवढा पट्टा कुदळीने खणायला लावला.

रस्त्यापलीकडे आरोग्य उपकेंद्र आहे. बायजी काठी टेकत तिथे औषधाला जाते. तिथली नर्स अजून फोन लावायला टेकडी चढते. डहाणूतल्या माझ्या जोडीदारणीला दर महिन्याला नवी दारं भेटतात, मी मात्र या भिंतीपाशी येऊन थांबलेय. तुम्ही कधी खैरपाड्याला आलात, तर पेटीच्या वर खिळ्याला टांगलेलं माझं एक वेटोळं पाहा. पुढेमागे लागेल म्हणून जोडणाऱ्यांनी ते राखून ठेवलंय. रस्ता ओलांडून उपकेंद्राच्या दारापर्यंत सहज पुरेन एवढी मी त्यात शिल्लक आहे. कुणीतरी ते सोडवा.