पाण्यात घोडा नाही

"उतर खाली!" लिडा आपा धक्क्यावरून ओरडल्या. "पाण्यात घोडा नाहीये. गुडघ्यांत कुणाला आवळून धरलंयस?"

सकाळपासून हे चौथ्यांदा. मी तोंडातलं खारट पाणी थुंकलं. "बाबांनी असंच शिकवलं होतं."

"तुझे बाबा घोड्याची आयाळ धरून नदी ओलांडायला शिकले. मान वर, गुडघे आवळलेले आणि नुसता जोर. तुमचं अख्खं गाव तसंच पोहतं. बुडत नाही, हा तळ्याचा चांगुलपणा."

लिडा आपा जर्मन. त्यांचे सगे कधीच जर्मनीला निघून गेले. त्या मात्र इथे इसिक-कुल तळ्याच्या काठीच राहिल्या. सॅनेटोरियममध्ये चाळीस वर्षं त्यांनी लोकांना पोहायला शिकवलं. किरगीझ शिव्या त्यांना आमच्यापेक्षा चांगल्या येतात.

मला फक्त बोयापर्यंत जायचं होतं. धक्क्यापासून दोनशे मीटरवर तरंगणारा तो पिवळा, गंजका बोया. बाबा दर उन्हाळ्यात त्याला हात लावून यायचे. तरुणपणी ते पैलवान होते. पाण्याशीही कुस्तीच खेळायचे. लहानपणी मला सोबत न्यायचे. "जोर लाव, जायना, जोर!" मी दर वेळी अर्ध्यातून रडत परत फिरायची. गेल्या उन्हाळ्यात त्यांनी पुन्हा विचारलं, येतेस का? पुस्तकातून मान वर न काढता मी म्हटलं, पुढच्या वर्षी. सप्टेंबरात ते गेले.

या शनिवारी त्यांचा आश होता, वर्षाचं जेवण. त्या दिवशी बायका माझ्या अंगावरचे काळे कपडे उतरवणार, डोक्याला पांढरा रुमाल बांधणार आणि माझा शोक संपला असं सगळ्यांनी मानायचं. त्याआधी मला बोया गाठायचा होता. तीन आठवडे सुट्टी काढून मी बिश्केकहून आले होते, आणि या तीन आठवड्यांत लिडा आपांनी मला काय करायला लावलं? बुडबुडे. पालथं पडून प्रेतासारखं तरंगणं. धक्क्याच्या भिंतीला पाय लावून नुसतं सरकत जाणं. हात मारायचा नाही!

"पोहण्यावरची तीन पुस्तकं वाचलीत मी," एकदा वैतागून म्हटलं.

"वा! मग पाण्याला वाचून दाखव."

घरी वेगळाच जाच. बाताय आत्या आशासाठी कढईभर बोरसोक, कणकेचे फुगीर तुकडे, तळत बसलेली. माझे ओले केस दिसले की तिचा झारा थांबायचा.

"शोकातली बाई तळ्यात डुंबते! लोक काय म्हणतील?"

"पोहायचा पोशाखही काळाच आहे, आत्या."

"तोंड बरं चालतं गं तुझं. बापाच्या मयताला नाही चाललं ते."

मयताच्या दिवशी शोकाच्या तंबूत भिंतीकडे तोंड करून मी बसले होते. बापासाठी लेकीने कोशोक म्हणायचा, त्याचे गुण गात रडायचं, हे आमच्याकडे लहान पोरीलाही ठाऊक असतं. ओळी मला पाठ होत्या. आवाजच निघाला नाही. शेवटी आत्यानेच म्हटला, आणि वर्षभर ते मला ऐकवलं.

गुरुवारी लिडा आपा स्वतः पाण्यात उतरल्या. माझ्या बरगड्यांवर हात ठेवून म्हणाल्या, "श्वास कोंडून ठेवतेस. छाती फुग्यासारखी वर राहते, मग पाय खाली जातात. मग तू जोर लावतेस. पंचवीस मीटरला सत्तावीस हात मारलेस. चौदा पुरेत."

"सोडतेय की श्वास!"

"नाही सोडत. लांब सोड. पाण्यात काहीतरी म्हण. गाणं म्हण."

"मला गाणी येत नाहीत."

"मग शिव्या दे मला. त्या तर येतात?"

देणारच होते. चेहरा पाण्यात घातला, पण शिवी काही सुचेना. सुचली ती पाठ असलेली ओळ: डोंगर होतास, बाबा, तुझ्या सावलीत उन्हाळा कळला नाही. कोशोकची ओळ श्वास संपेपर्यंत ओढायची असते. मी ओढली. पाण्याखाली ती नुसती गुरगुर होती. मलाही नीट ऐकू येत नव्हती. श्वास संपला, मान बाजूला वळली, हवा आत गेली, पुढची ओळ. गुडघे कधी सुटले कळलं नाही.

हात धक्क्याच्या भिंतीला लागला.

"पंधरा," लिडा आपा म्हणाल्या. "एक जास्त. कुठली शिवी दिलीस?"

"लांबलचक होती."

शुक्रवारी सकाळी वारा पडलेला होता. मी निघाले. अर्ध्यावर सवयीने मान वर निघाली, पाय बुडाले, तोंडात पाणी गेलं. "घोडा!" धक्क्यावरून आवाज आला. खरंच, या बाईला दुसरा शब्द नाही. मी चेहरा पुन्हा पाण्यात घातला आणि राहिलेली ओळ पूर्ण केली. बाबांच्या मिशा, त्यांचं मोठ्याने घोरणं, बुद्धिबळात हरल्यावरचा अबोला, कोशोकमध्ये नसलेलं बरंच काही त्यात आपोआप येत गेलं. मला घाई नव्हती. पाणी अंगाखालून सरकत होतं, आणि ते मला आवडत होतं, हे त्या क्षणी कबूल करायलाही मी तयार होते.

बोया शेवाळाने बुळबुळीत झाला होता. वर पाणपक्ष्यांची विष्ठा. यासाठी दर वर्षी, बाबा? मी त्याला दोन्ही हातांनी धरून राहिले. दम लागला नव्हता.

"बसू नकोस तिथे!" धक्क्यावरून आरोळी आली. "परत कोण यायचं, मी?"

मी हात सोडला आणि चेहरा पाण्यात घातला. ओळी अजून पुष्कळ होत्या.