मी सांबरशिंग नाही

मी एक जुनं, झिजलेलं शिंग आहे, मित्रांनो, आणि खरं सांगायचं तर फार दमलो आहे. ज्याच्या डोक्यावर मी उगवलो तो प्राणी जिराफाच्या भाऊबंदांपैकी. मान मात्र आखूड आणि अंग रेड्यासारखं दणकट. शास्त्रज्ञ त्याला शिवथेरियम म्हणतात. आमच्यातलं आता कुणीच उरलेलं नाही. शेवटी शेवटी कळपात एकच पिल्लू होतं. तेही धापा टाकत गेलं. त्याची आई त्याला नुसती चाटत राहिली.

मग मी गोदाकाठच्या मातीत पडून पडून दगड झालो. विहीर खोदताना कमरोद्दीनच्या टिकावाला लागलो. त्यानं मला जालन्यात, मस्तगडच्या घरी आणलं. त्याची बायको चाँदबी म्हणाली, "सांबरशिंग दिसतंय." तिथंच माझं नशीब फिरलं.

सांबरशिंग उगाळून लेप लावला की लेकराची भरलेली छाती मोकळी होते, असं गल्लीत सगळे मानतात. त्यामुळं चाळीस वर्षं मी सहाणेवर आहे. पोरं आपसूक बरी व्हायची आणि नाव माझं व्हायचं. लाज वाटायची, पण दगडाला तोंड कुठलं? घासून घासून मी निम्मा झालो.

यंदा शेजारच्या मीनाची आठ महिन्यांची राजनंदिनी तापली. दोन दिवस लेपच चालला होता. तिसऱ्या सकाळी मीना तिला घेऊन आली, तेव्हा श्वासागणिक पोरीच्या फासळ्यांखाली खड्डा पडत होता. असं धापणं मी पूर्वी पाहिलं होतं.

"चाची, जरा दाट उगाळा," मीना म्हणाली.

चाँदबीनं सहाणेवर माझे दोन वेढे घेतले. घासू नकोस बाई, असा मी मनातल्या मनात आकांत करत होतो. तिनं पोरीकडं पाहिलं आणि हात थांबवला.

"न्हाई मीना, हे लेपाचं काम न्हाई. जल्दी दवाखान्यात चल, मी बी येते."

सहा दिवसांनी पोरगी दवाखान्यातून बरी होऊन घरी आली. मीना नारळ घेऊन माझ्यापुढं वाकली, तर चाँदबीनं तिचा हात धरला. "त्याच्या पाया नको पडू. त्याच्या नादात आपण दोन दिस घालवले. पोरगी गेली असती तर मी काय तोंड दाखवलं असतं?"

चाळीस वर्षांत माझ्याबद्दल कुणीतरी पहिल्यांदाच खरं बोललं. मला इतकं हलकं वाटलं की काय सांगू.

मित्रांनो, जुन्या वस्तू जरूर जपा. पण लेकराचा श्वास अडला, तर आमच्यावर विसंबू नका.

काल कुणीतरी मला मागायला आलं. चाँदबीनं पायात चपला घातल्या. म्हणाली, "शिंग न्हाई मिळणार. लेकराला घे, मी रिक्षा थांबवते."