संध्या सिस्टरचा एकटीचा दिवस

एक्कावन्न वर्षांची बाई. अठ्ठावीस वर्षं सरकारी दवाखान्यात नोकरी, नवरा गेल्यापासून नऊ वर्षं घर एकटीच्या खांद्यावर. एवढं सगळं केलेल्या बाईला स्वतःच्या सुट्टीत फिरायला जायचं, तर आधी परीक्षा द्यावी लागते. आणि परीक्षा घेणारा कोण? तर तिनेच ढुंगण धुवून मोठा केलेला पोरगा.

संध्या हिवराळेला श्रीलंकेला जायचं होतं. तिथल्या डोंगरात मनसोक्त चालायचं, श्रीपाद शिखराच्या पायऱ्या चढायच्या, आणि हे सगळं एकटीने. विहारातल्या मंडळींची सहल फेब्रुवारीत तिकडेच निघणार होती, पण त्या सहलीत तिला जायचं नव्हतं. दोन वर्षांपूर्वी ती या मंडळींबरोबर बोधगयेला गेली होती. नऊ दिवसांत तिने काय पाहिलं? कोणाचं बीपी, कोणाची शुगर, आणि मागच्या सीटवरच्या मावशींच्या उलट्या. बोधिवृक्षाखाली डोळे मिटून बसली, तर कोणीतरी खांदा हलवून म्हणालं, "सिस्टर, जरा ही गोळी बघता का, जेवणाआधीची का नंतरची?" त्या दिवशी तिने ठरवलं, की पुढच्या वेळी एकटी. जन्मापासून आजवर एक अख्खा दिवस ती एकटी राहिलेली नव्हती. आधी भावंडं, मग सासर, मग वॉर्ड.

सम्यक हे ऐकून हसला. सव्वीस वर्षांचा, वाळूजला कंपनीत इंजिनिअर. "आई, परदेशात एकटी? आधी इथल्या एखाद्या डोंगरावर एकटी जाऊन दाखव. सकाळ ते संध्याकाळ. मदतीला कोणालाही बोलवायचं नाही. जमलं तर तिकीट मी काढतो, नाही जमलं तर गुपचूप सहलीत नाव द्यायचं."

"ठरलं," संध्या म्हणाली. ही अट मान्य केल्याचा तिला नंतर स्वतःचाच राग आला, पण शब्द दिला तो दिला. दर दोन तासांनी एक मिसकॉल द्यायचा, एवढं वर आणखी ठरलं. मिसकॉल आला म्हणजे आई खुशाल आहे.

संक्रांत झाल्यावरचा रविवार होता. पहिल्या बसने ती पिशोरला उतरली, टपरीवर चहा घेतला आणि गावामागच्या डोंगराला लागली. चढ तासाभराचा. एकदा माथ्यावर पोचलं, की पुढे बारा-तेरा किलोमीटर नुसती धार. दोन्ही अंगाला उतार, खाली गव्हाची हिरवी वावरं, आणि वर पिवळं पडलेलं गवत. धारेच्या दुसऱ्या टोकाला कन्नडचा रस्ता लागतो. तिथून संध्याकाळची बस.

नऊला तिने मिसकॉल दिला आणि फोन पिशवीत टाकला. मग आजूबाजूला पाहिलं. माणूस नाही, काणूस नाही. तिला एकदम हसू आलं. चालता चालता तिने जयंतीला गातात ते एक गाणं म्हणायला सुरुवात केली, आधी हळू, मग चांगलं गळा मोकळा करून. गाणं संपल्यावर नवऱ्याची आठवण झाली, तर त्यालाही तिने सोडलं नाही. "बीपीच्या गोळ्या बंद केल्या ते मला सांगायला तोंड नव्हतं? नर्सच्या नवऱ्याने असं मरायचं?" नऊ वर्षं हे तिला कोणाला तरी मोठ्याने सुनवायचं होतं. सुनावलं, थोडी रडली, पदर नव्हता म्हणून ओढणीने नाक पुसलं आणि पुढे निघाली. इतकं हलकं तिला कित्येक वर्षांत वाटलं नव्हतं.

अकराचा मिसकॉल देऊन तिने सहज मागे पाहिलं, तर धारेवर एक माणूस.

पांढरी टोपी, निळा सदरा. दोन-अडीचशे पावलांवर. असेल कोणी गुराखी, म्हणून ती चालू लागली. थोड्या वेळाने पुन्हा पाहिलं. अंतर तेवढंच. ती थांबली, तर तो थांबला. ती बूट बांधायच्या निमित्ताने खाली बसली, तर तो पटकन करवंदीच्या जाळीमागे सरकला.

गुराखी असता तर त्याच्याबरोबर गुरं असती. आणि गुराखी कशाला लपेल?

दवाखान्यात रात्रीबेरात्री आणल्या जाणाऱ्या बाया तिने अठ्ठावीस वर्षं पाहिल्या होत्या. त्यांच्या अंगावरच्या खुणा तिने स्वतः पुसल्या होत्या. तिला त्या सगळ्या एकदम आठवल्या. तिने पावलं उचलली. मागचा माणूसही भरभर चालू लागला. तिने फोन काढला, सम्यकचं नाव समोर आणलं, आणि तिचं बोट तिथेच थांबलं.

फोन केला की संपलं. सम्यक येईल, माणसं आणेल, आणि मग आयुष्यभर ऐकायचं, की अगं आई, पिशोरच्या डोंगरावर तुला अर्धा दिवस काढता आला नाही आणि तू श्रीलंकेला निघालीस! मग सहल, मग मागच्या सीटवरच्या मावशी, मग पुढचं सगळं आयुष्य तसंच. असल्या वेळी बाईला हा विचार करावा लागावा, याचाच तिला संताप आला. तिने फोन परत पिशवीत कोंबला.

धार सोडून ती डाव्या हाताच्या घळीत उतरली. वाट नव्हती, नुसती मुरमाड घसरण होती. चार पावलांत तिचा पाय सरकला आणि ती दहा-बारा फूट फरपटत खाली गेली. कोपर सोलवटलं, सलवार गुडघ्यावर फाटली. तिथे एक मोठा दगड होता, त्याच्या आडोशाला ती बसली. हातात मावेल एवढा एक धोंडा उचलला. वरून खडे घरंगळत येऊ लागले. तो उतरत होता.

टोपी दिसली आणि तिने सगळा जीव एकवटून धोंडा मारला.

"अगाई गं!" माणूस मटकन खाली बसला. भुवईच्या वर फुटलं होतं. तिने दुसरा दगड उचलला, तसे त्याने दोन्ही हात वर केले. "मारू नका ताई, मारू नका! म्या सम्यकदादाचा मानूस हाय!"

संध्याचा हात वरच राहिला. "कोणाचा?"

"सम्यकदादाचा. माझा पोरगा शिवराज त्यांच्याच कंपनीत हाय ना. बन्सी माझं नाव, इथलाच पिशोरचा. दादा म्हनले, आईवर ध्यान ठिवा, पर त्यांच्या नजरंस पडू नका. कळलं तर लई चिडतील म्हनले. म्हनून म्या लपत लपत आलो. तुम्ही घळीत पडल्या तवा काळजात धस्स झालं, म्हनून खाली उतरलो."

तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली. पण समोरच्या माणसाच्या कपाळावरचं रक्त डोळ्यात ओघळत होतं, आणि नर्सच्या हातांना रागावून गप्प बसता येत नाही. तिने पिशवीतून कापूस काढला, जखम धुतली, दाबून धरली. बन्सी पन्नाशीचा, खरबरीत दाढीचा माणूस होता. तो खाली मान घालून बसला होता.

"टाके लागणार नाहीत," ती तोडून बोलली. "कधीपासून मागे आहात?"

"टपरीपासून."

"सकाळपासून?"

"व्हय." काहीतरी बरं बोलावं म्हणून तो चाचरत म्हणाला, "आवाज लई चांगला हाय ताई तुमचा."

संध्याचे हात थांबले. म्हणजे गाणं याने ऐकलं होतं. आणि मग गाण्यानंतरचंही. तिने त्याच्याकडे पाहिलं, तसा तो दुसरीकडे बघू लागला. "त्ये बाकीचं म्या काय ऐकलं नाय," तो म्हणाला. ऐकलं नव्हतं, तर बाकीचं काही होतं हे याला कसं कळलं?

तेवढ्यात त्याच्या खिशातला फोन वाजला. पडद्यावर सम्यकचा मेसेज होता: काका, आई दिसते का? फोटो टाका. संध्याने फोन त्याच्या हातातून घेतला. वरती सकाळपासूनचे फोटो होते. तिची पाठ, चढावर. तिची पाठ, पाणी पिताना. तिची पाठ, खांदे आत ओढलेले, ओढणी नाकाला. त्याखाली सम्यकने अंगठा पाठवला होता.

"बाईमानसाच्या मागं लपून चालायचं म्हंजी माझी मलाच शरम वाटत व्हती," बन्सी पुटपुटला. "दादाला तसं म्हनलं बी. ते म्हनले, काका, आईच्या जिवासाठी करा."

तिने त्याच्याच फोनवरून सम्यकला फोन लावला. पहिल्याच रिंगला उचलला.

"काका, काय झालं?"

"काका नाही, आई बोलतेय. तुझ्या काकांचं कपाळ मी फोडलंय."

"आई, तुला लागलंय का? कुठे आहेस? अगं मला झोप नव्हती रात्रभर. तू एकटी, डोंगर, कोण कसला माणूस भेटेल..."

"भेटला ना. सकाळपासून या अख्ख्या डोंगरावर मला एकाच माणसाची भीती वाटली, सम्यक. तो तू पाठवलेला."

"पण आई, ते नसते तर घळीत पडल्यावर तुला..."

"ते नसते तर मी घळीत कशाला मरायला गेले असते? तुला फोन करायला हात गेला होता माझा. नाही केला. का? तर तुझी अट. कोणाला बोलवायचं नाही. मी मिसकॉल देत राहिले गाढवासारखी, आणि तू इकडे माझ्या पाठीचे फोटो बघत बसलास."

"सॉरी आई. खरंच सॉरी. तू आता त्यांच्याबरोबर खाली उतर, मी गाडी घेऊन येतो. तिकीट काढतो मी तुझं, आजच काढतो."

"तू काही काढू नकोस. श्रीलंकेला मी जाणार आहे. कधी, ते तुला मी परत आल्यावर कळेल."

तिने फोन बंद करून बन्सीच्या हातात ठेवला. "खाली जा भाऊ. चक्कर आली, उलटी झाली, तर सरळ दवाखाना गाठायचा. आणि परत कोणाच्या आईच्या मागे असं जाऊ नका, कोणी सांगितलं तरी."

"नाय जानार," तो म्हणाला. "तुम्ही पन चला की ताई. पाय लचकला असंल."

"माझा पाय माझा मी बघते."

तो उतरून पार वावरांत पोचेपर्यंत ती उभी राहिली. मग घळ चढून पुन्हा धारेवर आली. अजून सहा-सात किलोमीटर बाकी होते. गुडघा ठणकत होता, पण चालता येत होतं. वारा सुटला होता, त्याने उन्हाचा चटका कमी जाणवत होता, आणि आता खरोखरच चारी दिशांना कोणी नव्हतं. गाणं म्हणावं म्हणून तिने तोंड उघडलं. आवाज निघेना. आधी तिने मागे वळून पाहिलं.

कोणी नव्हतं. ती पन्नास पावलं चालली आणि पुन्हा वळली. आणखी पन्नास पावलं, पुन्हा. मागे कोणी नाही हे तिला पक्कं ठाऊक होतं, तिने स्वतःच्या डोळ्यांनी त्याला खाली जाताना पाहिलं होतं. तरी मान वळतच होती. कन्नडचा रस्ता दिसेपर्यंत ती अशीच मागे बघत चालली, आणि दर वेळी मोकळी धार बघून तिला लेकाचा राग नव्याने आला.